फायनान्सच्या पदवीसाठी कुठे अर्ज करावा? कोकणातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बुक-कीपिंग शिकवते. बारावीचा निकाल लागला की पुढचे पाच-सहा आठवडे एकच विषय असतो. मुलं वर्गात विचारतात, आईवडील बाजारात गाठून विचारतात, मुंबईतले काका फोन करून विचारतात: कुठे अर्ज करायचा? तीच उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. रायगडकरांना मुंबई जवळ, त्यामुळे खर्चाचं गणित थोडं वेगळं पडेल. बाकी सगळं तेच.

फायनान्सची पदवी म्हणजे नेमका कोणता कोर्स?

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत या विषयाला निरनिराळी दारं आहेत. साधं बीकॉम हे सगळ्यात जुनं. त्यानंतर आलेले स्वयंअर्थसहाय्यित कोर्स म्हणजे बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स), बीएफएम (फायनान्शियल मार्केट्स) आणि बीबीआय (बँकिंग अँड इन्शुरन्स). बीएएफमध्ये हिशेब, कॉस्टिंग, कर आणि ऑडिटवर भर असतो. बीएफएममध्ये शेअर, रोखे, डेरिव्हेटिव्ह्ज येतात. बीबीआयचा रोख नावातच आहे. बीएमएस किंवा बीबीएमध्ये व्यवस्थापन मुख्य असतं आणि फायनान्स पुढच्या वर्षांत निवडायचा असतो.

माझं मत सांगते. सीए करायचं पक्कं असेल तर बीकॉम किंवा बीएएफ घ्या. शेअर बाजाराची खरी ओढ असेल तर बीएफएम. "सगळे घेतात म्हणून बीएमएस" हे कारण पुरेसं नाही. आणि अनुदानित तुकडीतलं बीकॉम म्हणजे कमी दर्जाचं, हा समज मनातून काढून टाका. त्याची वर्षाची फी काही हजारांत भागते, बीएएफची त्याच्या कित्येक पट असते, आणि सीएच्या परीक्षेत कोणी विचारत नाही की तुमची पदवी कोणत्या तुकडीतली.

मला ८८ टक्के आहेत. मुंबईचं नामांकित कॉलेज मिळेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त रडवणारा प्रश्न हाच. म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. बारावीला २०२४ मध्ये तो ९७.५१ टक्के होता, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के. वर्तमानपत्रांत मथळे येतात, आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण हा आकडा किती मुलं पास झाली ते सांगतो. मुंबईच्या कॉलेजची पहिली गुणवत्ता यादी लागते ती वरच्या टोकाच्या मुलांवर, आणि तिथे तुमची स्पर्धा सबंध राज्यातल्या आणि सीबीएसई, आयएससीच्या मुलांशी असते. कोकण पहिलं आलं म्हणून आपला मुलगा पहिल्या यादीत येईल, असा हिशेब अनेक घरांत होतो. तो चुकतो आणि जुलैमध्ये घरात अबोला धरला जातो.

दुसरी गोष्ट जागांची. एखाद्या कॉलेजात बीएएफच्या ६० जागा आहेत असं समजा. ते भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थेचं असेल तर साधारण निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव असतात. चर्चगेट परिसरातली एचआर, केसी, जयहिंद ही सिंधी भाषिक, विलेपार्ल्याचं एनएम गुजराती भाषिक, झेवियर्स ख्रिस्ती. उरलेल्या जागांतून त्याच संस्थेत अकरावी-बारावी केलेल्या मुलांना, म्हणजे इनहाउसवाल्यांना, आधी घेतात. व्यवस्थापन कोटा वेगळा. कणकवलीहून अर्ज करणाऱ्या मुलासाठी खुल्या राहतात त्या बोटांवर मोजता येतील इतक्या. शिवाय अल्पसंख्याक कॉलेजांत जातनिहाय आरक्षण सहसा नसतं. त्यामुळे ओबीसी किंवा एससी प्रवर्गातल्या मुलाला इतर कॉलेजांत जो आधार मिळतो, तो तिथे मिळत नाही.

म्हणून कट-ऑफ बघताना एकच आकडा बघू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या तिन्ही याद्या असतात. त्यांत आपला रकाना शोधा: बाहेरचा विद्यार्थी, आपली शाखा, आपला प्रवर्ग. इनहाउसची यादी ८४ वर थांबलेली बघून एक मुलगी माझ्याकडे आनंदाने उड्या मारत आली होती. तिच्या रकान्यात यादी ९५ वर थांबली होती. दोन ओळी खालीच तो आकडा होता. तो बघायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तिची शिक्षिका म्हणून ते शिकवणं माझं काम होतं.

८८ टक्क्यांवर कोणत्या पट्ट्यात बघावं? माटुंग्याचं पोदार, चर्चगेटचं १९१३ सालचं सिडनहॅम यांच्याकडे अर्ज करून बघायला हरकत नाही, पण आशा त्यांच्यावर टांगून ठेवू नका. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, दादर, विलेपार्ले या भागांत अशी कितीतरी कॉलेजं आहेत जिथे शिक्षक चांगले आहेत आणि यादी तुमच्या आवाक्यातली आहे. नाव गावात कोणाला माहीत नसेल एवढंच.

मग अर्ज करायच्या कॉलेजांच्या यादीत किती नावं ठेवू?

सहा ते आठ. दोन अशी, जिथे मागच्या वर्षी तुमच्या रकान्यातली शेवटची यादी तुमच्या टक्क्यांपेक्षा दोन-तीनने वर थांबली. तीन-चार अशी, जिथे ती तुमच्या आसपास थांबली. आणि निदान एक असं, जिथे प्रवेश नक्की आहे आणि जिथे तुम्ही खरोखर जायला तयार आहात. हा शेवटचा भाग मुलं विसरतात. "हे आपलं असंच ठेवलंय" असं नाव यादीत नसलेलंच बरं, कारण वेळ आली की तिथे जाणं होत नाही आणि एक वर्ष वाया जातं.

एका वर्षाच्या कट-ऑफवर विसंबू नका, दोन-तीन वर्षांचे बघा. पेपर सोपे गेले की सगळ्यांचेच टक्के वाढतात आणि यादीही तेवढी वर सरकते. आणखी एक. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करणं आणि प्रत्येक कॉलेजचा वेगळा अर्ज भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुसती नोंदणी करून यादीत नाव शोधत बसलेली मुलं मी दरवर्षी बघते.

बारावीला गणित घेतलं नाही, एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं. दारं बंद झाली का?

सगळी नाही, काही नक्की झाली. आपल्याकडच्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत कॉमर्सच्या मुलांना मॅथ्स की एसपी असं विचारलं जातं आणि मुलं धास्तीने एसपीकडे वळतात. कधी गणिताला शिक्षकच नसतो, मग विचारायचाही प्रश्न नाही.

मुंबई विद्यापीठाचं बीकॉम, बीएएफ, बीबीआय यांना बारावीचं गणित अडत नाही. पण दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला ते लागतं, आणि तिथल्या शहीद सुखदेव कॉलेजच्या बीबीए एफआयएला, म्हणजे फायनान्शियल इन्व्हेस्टमेंट अ‍ॅनालिसिसला, सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर द्यावा लागतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत, जी १९३० पासून आहे, बीएससी अर्थशास्त्र करायचं तर गणिताशिवाय पहिलं सत्रसुद्धा जड जाईल. पुढे परदेशात फायनान्समध्ये मास्टर्स करायचं असेल तर चांगली विद्यापीठं पदवीत किती गणित आणि संख्याशास्त्र केलं ते बघतात.

हे वाचणारी मुलं दहावीत असतील तर त्यांना हात जोडून सांगते: गणित घ्या. बारावी झाली असेल तर पदवीत जिथे जिथे संख्याशास्त्र, बिझनेस मॅथ्स निवडता येईल तिथे ते निवडा.

सीयूईटी देऊ का? दिल्लीला पाठवणं झेपेल का?

परीक्षा द्यायला हरकत नाही, पण कशासाठी देतोय ते आधी ठरवा. केंद्रीय विद्यापीठांसाठी ही सामाईक परीक्षा २०२२ पासून आहे. २०२५ पासून ती पूर्ण संगणकावर झाली, जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येक पेपरात ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. अर्ज मात्र जानेवारी ते मार्चच्या दरम्यान कधीतरी निघतात, म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या गडबडीत. निकालानंतर जागं झालात तर गाडी गेलेली असते.

२०२५ पासून बारावीला नसलेला विषयही सीयूईटीत घेता येतो. पण विद्यापीठ आपली वेगळी अट ठेवू शकतं, म्हणून ज्या कोर्सला अर्ज करायचा त्याचं माहितीपत्रक वाचून मगच विषय निवडा.

फक्त दिल्ली म्हणजे सीयूईटी नव्हे. बनारस हिंदू विद्यापीठात बीकॉम ऑनर्सचा फायनान्शियल मार्केट्स मॅनेजमेंट हा कोर्स आहे, आणि फायनान्सच्या मुलांनी तो जरूर बघावा. झेपेल का, याचं उत्तर मुलाच्या स्वभावावर आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा दिल्लीला गेला आणि रमला. दुसरी हुशार मुलगी दिवाळीत घरी आली ती परत गेलीच नाही. भाषा, थंडी, एकटेपणा सगळं एकदम अंगावर आलं. दोघांचे टक्के जवळजवळ सारखेच होते.

बीएमएसला सीईटी लागते म्हणतात, पण शेजारच्या मुलाला न देताच प्रवेश मिळाला. हे कसं?

दोन्ही खरं आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी आपल्या कोर्सचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) असं केलं. त्याला सीईटी लागत नाही, प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. शेजारच्या मुलाने बहुधा तेच घेतलं असेल. अर्ज करताना पदवीचं पूर्ण नाव बघा, कारण फी सवलतीच्या वेळी या फरकाला महत्त्व येतं. ते पुढे सांगते.

इथेच राहून शिकलो तर मागे पडेन का?

नाही. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, चिपळूणचं डीबीजे, देवरुखचं आठल्ये-सप्रे-पित्रे, सावंतवाडीचं पंचम खेमराज, कुडाळचं संत राऊळ महाराज ही सगळी मुंबई विद्यापीठाचीच कॉलेजं आहेत. पदवीवर विद्यापीठाचं नाव तेच. सीए करणाऱ्या मुलाला तर घरी राहण्याचा उघड फायदा आहे. लोकलचे रोजचे दोन-तीन तास वाचतात आणि आईच्या हातचं जेवण मिळतं. आईच्या जेवणाचं मी सहज म्हणून सांगत नाही. पहिल्या वर्षी आजारी पडून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

सीएचा मार्ग थोडक्यात असा. बारावीनंतर फाउंडेशन, चार पेपर, प्रत्येकात निदान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के; २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. मग इंटरमिजिएट, त्यानंतर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष काम, जी २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, आणि शेवटी फायनल. फाउंडेशन जमलं नाही तरी कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी घेतलीत तर थेट इंटरला नोंदणी होते. म्हणून "आधी पदवी इथे, आर्टिकलशिपला मुंबई किंवा पुणे" ही वाट मला आपल्याकडच्या पुष्कळ मुलांसाठी सगळ्यात शहाणपणाची वाटते. तोवर वय वाढलेलं असतं, हातात आर्टिकलशिपचा थोडा स्टायपेंड येतो.

इथे काय मिळणार नाही तेही सांगते. कंपन्या मुलाखतीसाठी आपल्या कॉलेजात फारशा येत नाहीत, आणि दुपारच्या वेळेत करता येतील अशा इंटर्नशिप जवळपास नसतात. बाजारात थेट उतरायचं असेल, गुंतवणूक बँकिंगकडे डोळा असेल, तर मुंबईत असण्याला पर्याय नाही.

मुंबई सोडून जवळ दुसरं काय?

कोल्हापूर. आपण त्याला विसरतो, कारण आपल्या सगळ्या वाटा मुंबईकडे जातात. रत्नागिरीहून आंबा घाटाने, कणकवलीहून फोंडा घाटाने, सावंतवाडीहून आंबोलीने कोल्हापूर एका एसटीच्या अंतरावर आहे. शिवाजी विद्यापीठाची कॉमर्सची कॉलेजं आहेत आणि राहण्या-खाण्याचा खर्च मुंबईपेक्षा बराच कमी आहे.

सिंधुदुर्गच्या दक्षिणेकडच्या मुलांना गोवाही जवळ. पणजीजवळचं डेंपो कॉमर्स कॉलेज चांगलं आहे, आणि पुढे गोवा विद्यापीठात फायनान्शियल सर्व्हिसेसचं एमबीए करता येतं. राज्य बदलत असल्यामुळे मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल आणि महाराष्ट्रातलं आरक्षण तिथे चालणार नाही, एवढं धरून चला.

पुण्याला बीएमसीसी, १९४३ पासूनचं आणि स्वायत्त. तिथली स्पर्धा मुंबईइतकीच तीव्र आहे. सिम्बायोसिसला त्यांची स्वतःची सेट ही प्रवेश परीक्षा लागते आणि फी मोठी आहे.

अकरावीलाच मुंबईला पाठवलं तर इनहाउसचा फायदा मिळेल ना?

मिळू शकतो. पण २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत, तेव्हा हवं ते कॉलेज मिळेलच असं नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला डोंबिवलीच्या काकांच्या दोन खोल्यांत पाचवा माणूस म्हणून ठेवण्याआधी काका-काकूंशी मोकळेपणी बोला. नाती बिघडली की पहिला परिणाम मुलाच्या अभ्यासावर होतो.

पैशांचं गणित कसं मांडू?

फीच्या आकड्याने सुरुवात करू नका, वर्षाच्या पूर्ण खर्चाने करा. फी, खोली किंवा वसतिगृह, मेस, लोकलचा पास, पुस्तकं, सीएचा क्लास, गणपती-शिमग्याला घरी येण्याजाण्याचं भाडं, दोन आजारपणं. तीन वर्षांची बेरीज करा. मुंबईत खोली आणि जेवण यांचा खर्च बहुधा फीपेक्षा जास्त निघतो. म्हणजे फी कमी म्हणून निवडलेलं कॉलेज दूर असेल तर एकूण महागच पडतं.

आता आपल्याकडची खास अडचण. फी भरायची वेळ जून-जुलैत येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. हर्णैच्या, मिरकरवाड्याच्या, मालवणच्या घरांत नेमके तेव्हाच हात रिकामे असतात. आंब्याच्या बागायतदाराकडे मे अखेरीस पैसा असायला हवा, पण दलालाकडची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायला वेळ लागतो आणि हंगाम वाईट गेला तर फवारणीचं कर्जच उभं राहतं. म्हणून फीचा पहिला हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्येच वेगळा काढा. कॉलेजांना हप्त्यांबद्दल विचारा. बरीच कॉलेजं विनंती अर्जावर हप्ते देतात, पण आपली माणसं संकोचाने विचारत नाहीत.

शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं. त्यापेक्षा मोठ्या कर्जाला तारण म्हणून जमीन द्यायचं मनात असेल तर सातबारा आधी काढून बघा. कोकणात एका सातबाऱ्यावर चुलत्यांची आणि आतेभावंडांची पंधरा-वीस नावं असतात आणि बँक त्या जमिनीला हात लावत नाही. हे जुलैत कळण्यापेक्षा जानेवारीत कळलेलं बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत मानांकनात वरच्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमच्या यादीतलं कॉलेज त्या संस्थांत आहे का, ते पोर्टलवर दिसतं.

मुलींना फी माफ आहे ना?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट ही की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला माफी नाही. वर म्हटलं तो नावाचा फरक इथे भिडतो. सीईटी देऊन बीबीए-बीएमएसला गेलेली मुलगी आणि सीईटीशिवाय बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) घेतलेली मुलगी यांना एकच नियम लागत नाही. आपल्या कोर्सला माफी आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा. बाकी शिष्यवृत्त्यांसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, आणि तो दरवर्षी नव्याने.

कोणते दाखले आधी काढून ठेवू?

उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअर. केंद्रीय विद्यापीठांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा चालत नाही, आणि ३१ मार्चनंतर काढलेला, म्हणजे चालू आर्थिक वर्षाचा मागतात. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्राच्या यादीत नाही. दिल्ली-बनारसला अर्ज करणाऱ्या मराठा मुलांनी केंद्राच्या निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा विचार करावा. मे महिन्यात सेतू केंद्रापुढे किती रांग असते ते सांगायला नको.

मराठी माध्यमातून शिकलेय. इंग्रजीचं काय?

पहिलं सत्र अवघड जाईल. दुसऱ्यात जमेल. बारावीपर्यंत नावे-जमा, घसारा, ताळेबंद हे शब्द पक्के असलेल्या मुलीला डेबिट, डेप्रिसिएशन, बॅलन्स शीट हे फक्त नवे शब्द असतात. कल्पना तिच्याकडे आधीच असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाचा. मराठी माध्यमाच्या भीतीने यादीतून चांगलं कॉलेज काढून टाकू नका.

पदवीबरोबर आणखी काही करता येईल का?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएमच्या परीक्षा बघा. या संस्थेचं मोठं संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाच आहे. म्युच्युअल फंड वितरक व्हायला तिची मालिका ५-ए ही परीक्षा लागते आणि ती पदवीच्या मुलाच्या आवाक्यात आहे. उत्तीर्ण होऊन गावातल्या लोकांना एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक, समजावून सांगणारा मुलगा मुलाखतीत बोलायला अडखळत नाही.

परदेशात बारावीनंतर लगेच जावं का?

घरची आर्थिक स्थिती भक्कम असेल तर जा, कर्जावर मात्र नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये यूकॅस या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावर पाच विद्यापीठं निवडता येतात आणि तिथली कितीतरी विद्यापीठं राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याकडून सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात. म्हणून "भारतीय बारावी" एवढं न वाचता राज्य मंडळाची ओळ वाचा. व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. नातेवाइकांकडून आदल्या आठवड्यात जमवलेली चालत नाही. पदवी इथे करून मास्टर्सला गेलात तर खर्च एक-दोन वर्षांचाच होतो आणि नोकरीच्या बाजारात वय-अनुभव दोन्ही बरोबर असतात.

एजंट म्हणतो, खासगी विद्यापीठात शंभर टक्के प्लेसमेंट आहे. भरू का पैसे?

आधी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत त्या विद्यापीठाचं नाव बघा. मग मागच्या वर्षीच्या फायनान्सच्या तुकडीतल्या किती मुलांना, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर नोकरी लागली ते लेखी मागा. फोनवर पॉलिसी विकणं आणि विश्लेषक म्हणून काम करणं, दोन्हीला प्लेसमेंटच म्हणतात. आपल्या तालुक्यातून तिथे गेलेला एखादा मुलगा शोधून त्याच्याशी बोला. "आजच पाच हजार भरून जागा पक्की करा" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

पहिल्या गुणवत्ता यादीत माझ्या पसंतीच्या चौथ्या कॉलेजला नाव लागलं. दुसऱ्या यादीची वाट बघू?

वाट बघा, पण जागा हातात घेऊन बघा. पहिल्या यादीत मिळालेला प्रवेश मुदतीत फी भरून घ्या. वरच्या कॉलेजला दुसऱ्या यादीत नाव लागलं तर इथला रद्द करता येतो. २०२४-२५ साठी यूजीसीने सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यावी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापावेत. तुमच्या वर्षीच्या तारखा यूजीसीच्या परिपत्रकात बघून घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हेही त्यात आहे.

तरी मार्कशीट आणि एलसीच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आणि फोटो एका फाइलमध्ये घालून ती फाइल मुंबईतल्या नातेवाइकांकडे आधीच पोचती करा. यादी संध्याकाळी लागते, मुदत दोन-तीन दिवसांची असते, आणि पावसाळ्यात घाटात दरड येऊन गाड्या अडकल्या तर इथून निघून वेळेत पोचणं आपल्या हातात राहत नाही.